गांजा कायदेशीर झाला तर गल्ल्यात नेमकं कुणाच्या पडतं? दोन्ही बाजूंचा हिशोब



गेल्या महिन्यात सोलापूरच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक मुलगा माझ्याजवळ आला. वय पंचवीस-सव्वीस. वडिलांची सहा लाखांची एफडी मोडायची तयारी. म्हणाला, "सर, हेम्पची शेती करायची आहे. बी कंपनी देते, माल पण तीच परत उचलते. अमेरिकेत गांजा कायदेशीर झाला आणि लोक कुठल्या कुठे गेले. आपल्याकडे पण होणारच आहे. पन्नास हजार टोकन देऊन आलोय."

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, आधी हिशोब मांडू. त्या दिवशी फळ्यावर जे मांडलं, त्यावरच या आठवड्याचा व्हिडिओ आहे. व्हिडिओत वेळेअभावी सुटलेले आकडे इथे देतोय.

गांजा चांगला की वाईट हा विषय डॉक्टरांचा आणि घरच्या मोठ्यांचा. आपण दुकानदार आहोत, आपण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते बघू.

आधी कायदा समजून घ्या

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. झाडाची फुलं-शेंडे म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस. दोन्ही बंद. नुसती पानं आणि बी या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत सरकारी परवान्याची भांगेची दुकानं चालतात. परवान्याशिवाय झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोहून जास्त गांजा सापडला तर शिक्षा दहा वर्षांपासून सुरूच होते.

हेम्प म्हणजे तेच झाड, पण नशेचा घटक नगण्य असलेलं. उत्तराखंडने २०१८ मध्ये त्याच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, अट अशी की नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या वर जायला नको. २०२१ मध्ये हेम्पचं बी आणि त्याचं तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायला एफएसएसएआयने मान्यता दिली.

गंमत म्हणजे हा वाद नवा नाही. इंग्रजांनी १८९३ मध्ये यावर एक आयोग नेमला होता. त्यांनी शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल लिहिला आणि सांगितलं की सरसकट बंदी नको, कर लावा आणि नियंत्रण ठेवा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी पण मुद्दा हाच होता: बंदी की कर?

बाजूने बोलणाऱ्यांचा हिशोब

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१२ मध्ये मतदान घेतलं आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. २०२१ मध्ये तिथे २२० कोटी डॉलरहून जास्त विक्री झाली आणि राज्याला ४२ कोटी डॉलरच्या आसपास कर मिळाला. घाऊक मालावरच्या करातले पहिले चार कोटी डॉलर दरवर्षी शाळांच्या इमारतींसाठी, हे मूळ प्रस्तावातच लिहिलेलं होतं.

यांचं म्हणणं साधं आहे. लोक ओढणारच आहेत. तो पैसा आज तस्कराकडे जातो, उद्या सरकारकडे येईल. पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचा खर्च वाचेल. माल तपासून विकला जाईल. शेतात, पॅकिंगला, काउंटरवर नोकऱ्या तयार होतील.

शेतकऱ्याच्या बाजूने पण मुद्दा आहे. २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकर गांजा लावायची परवानगी मागितली होती. दुसऱ्या कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. लोक हसले. पण त्या अर्जामागचा वैताग खरा होता.

आता दुसरी बाजू

कांदा पिकवणाऱ्याला पुढची गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. कोलोरॅडोत २०१५ च्या सुरुवातीला घाऊक भाव पौंडाला साधारण दोन हजार डॉलर होता. भाव बघून सगळ्यांनी लावलं. २०२३ मध्ये तोच भाव सातशेच्या खाली. विक्री १५० कोटींवर, कर २७ कोटींवर आला. आणि तेजीतसुद्धा हा कर राज्याच्या एकूण बजेटच्या एक टक्क्याच्या आसपासच होता. म्हणजे शाळा बांधायला उपयोग झाला, पण राज्य काही त्यावर चालत नाही.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला देशभर कायदेशीर केलं. कर ठरवला ग्रॅमला एक डॉलर किंवा दहा टक्के, जे जास्त असेल ते. भाव दहा डॉलर असेल तर ठीक. पण समजा उत्पादकाला तीनच डॉलर मिळाले, तर एक डॉलर म्हणजे तेहतीस टक्के! मित्रांनो, हे लिहून ठेवा: विक्रीबरोबर कमी होत नाही असा खर्च मंदीत जीव घेतो. तुमच्या दुकानाचं भाडं पण असंच वागतं.

तिथल्या स्मिथ्स फॉल्स गावात हर्शी चॉकलेटचा बंद पडलेला कारखाना घेऊन कॅनोपी ग्रोथ या कंपनीने मुख्यालय थाटलं होतं. २०१८ मध्ये एका मोठ्या दारू कंपनीने त्यात ५०० कोटी कॅनडियन डॉलर घातले. २०२३ मध्ये तो कारखाना हर्शीनेच परत विकत घेतला. चॉकलेट जिंकलं!

मग काळाबाजार तरी संपला का? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून विक्री सुरू आहे. पण परवाना, तपासणी, राज्याचा कर, गावाचा कर असं सगळं चढत जाऊन कायदेशीर माल महाग पडतो, आणि कित्येक गावांनी दुकानाला परवानगीच दिली नाही. त्यामुळे चोरटा धंदा जोरात आहे. बिलाशिवाय माल विकणारा शेजारी असेल तर बिल देणाऱ्याचं काय होतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

दुकानदाराने नीट बघावा असा एक नियम

अमेरिकेत १९८० च्या आसपास एका अमली पदार्थ विक्रेत्याने कर भरताना धंद्याचा खर्च वजा मागितला आणि कोर्टाने तो मान्य केला. मग १९८२ मध्ये नियम आला, कलम २८०ई. असा माल विकणाऱ्याला फक्त खरेदीची किंमत वजा मिळेल. भाडं, पगार, लाईटबिल काही नाही. पुढे राज्यांनी परवाने दिले तरी केंद्राचा हा नियम त्या दुकानांना लागला.

आता मांडा. विक्री १०० लाख, मालाची खरेदी ६० लाख, भाडं-पगार वगैरे ३० लाख. नफा १० लाख. तिथला कंपनी कर २१ टक्के, म्हणजे साध्या दुकानाला कर २ लाख १० हजार, हातात राहिले ७ लाख ९० हजार. गांजाच्या दुकानाला कर लागणार ४० लाखांवर, म्हणजे ८ लाख ४० हजार. हातात १ लाख ६० हजार! खर्च दोन लाखांनी वाढला की नफ्यातलं दुकान कर भरून तोट्यात. त्यात मोठ्या बँका जवळ करत नाहीत, क्रेडिट कार्ड सहसा चालत नाही, बराचसा व्यवहार रोखीत. ज्या मुलाने "लोक कुठल्या कुठे गेले" म्हटलं, तो हा तक्ता बघून गप्पच झाला.

जो खर्च कुठल्याच वहीत येत नाही

कोलोरॅडोतच २०१४ मध्ये एक पाहणी झाली. रोज ओढणारे ग्राहक साधारण एक पंचमांश, पण माल संपवायचे दोन तृतीयांश. प्रत्येक धंद्यात मोजकेच गिऱ्हाईक गल्ला भरतात, हे मी बॅचमध्ये नेहमी सांगतो. पण इथे चांगलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला सवय लागलीय तो माणूस. धंदा वाढायचा तर त्याने सुटायला नको. हे गणित मला पचत नाही.

कारण माझ्या दुकानात असा एक पोरगा होता. माझं हार्डवेअर-पेंटचं दुकान, तो टिंटिंग मशीनवर. शेड कार्ड न बघता नंबर सांगायचा, इतका हुशार. मग गांजाच्या नादी लागला. आधी उशिरा यायला लागला, मग शेड चुकायला लागले. वीस-वीस लिटरच्या बादल्या परत आल्या. नुकसान साधारण चाळीस हजार, ते माझ्या वहीत आहे. पण त्याची आई दुकानात येऊन "दादा, याचा पगार याच्या हातात देऊ नका" म्हणाली, तो आकडा कुठे लिहू? शेवटी मी त्याला काढलं. गांजा बेकायदेशीर होता, तरी त्याला मिळत होता. आणि पकडला गेला असता तर आणखी बरबाद झाला असता. म्हणजे बंदीने त्याला वाचवलं नाही, आणि दुकानातून विकत मिळाला असता तरी वाचला असता असं वाटत नाही.

मग माझं मत काय?

ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकून पैसा वाया जातो, तो व्यसनमुक्तीवर खर्च करा, हे मला पटतं. पण "कर मिळेल म्हणून दुकानं उघडा" हे पटत नाही, कारण कराचा आकडा भावाबरोबर पडतो आणि व्यसनाचा खर्च तिथेच राहतो.

आणि धंदा म्हणून बघत असाल तर तीन प्रश्न विचारा:

१. आज, आत्ता, माझ्या जिल्ह्यात हे कायदेशीर आहे का? "होणार आहे" यावर भांडवल लावू नका. थायलंडने जून २०२२ मध्ये मोकळीक दिली, हजारो दुकानं उघडली आणि जून २०२५ मध्ये सरकारने डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली.

२. भाव एक तृतीयांश झाला तरी मी टिकेन का?

३. माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक माझ्यामुळे सुधारतंय की बिघडतंय?

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी कंपनीकडे परवान्याची प्रत मागितली. त्यांनी उत्तराखंडच्या एका परवान्याचा फोटो पाठवला. जमीन याची माढ्यात! टोकन परत मिळालं नाही. त्याचा मेसेज आला, "सर, पन्नास हजार गेले." मी उत्तर दिलं, "साडेपाच लाख आणि सातबारा वाचला, ते पण लिही."

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातला असा एक खर्च शोधा, जो विक्री निम्मी झाली तरी कमी होत नाही. कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.

भेटू लवकरच!