ताम्हिणीच्या वाटेवर : दोष चालकाचा की बारचा?

चालक : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

सोबती : या गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा (कलम १८८).

बार : अल्पवयीनाला दारू दिल्यास बाल न्याय कायद्यानुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी (कलम ७७). पुण्यात कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघातात दोघांचा जीव गेला. अल्पवयीन चालकाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारशी संबंधितांनाही अटक झाली.

अमेरिकेत : अनेक राज्यांत झिंगलेल्या ग्राहकाला दारू देणाऱ्या बारकडून भरपाई मागता येते.

पावसाळी धुक्यात ताम्हिणी घाटाची वळणे शुद्धीतल्या चालकालाही अवघड जातात. निघण्यापूर्वीच किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्या.