स्क्रूचें डोकें झिजलें असतां

संगणकांत नवी एसएसडी घरींच बसवूं पाहणारा विद्यार्थी बहुधा ज्ञानाअभावीं अडत नाहीं. तो अडतो दोन मिलिमीटर जाडीच्या एका स्क्रूपाशीं. खाच झिजून गुळगुळीत झाली म्हणजे स्क्रूड्रायव्हर नुसता गरगर फिरतो. घरांत संगणक एकच, त्यावरच सर्व भावंडांचा अभ्यास. मग जोर होतो आणि खाच अधिकच बिघडते.

ह्या चौफुली खाचेचीं पेटंटें अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स ह्यांस १९३६ सालीं मिळालीं. तिच्या भिंती तिरप्या असल्यामुळें पीळ देतांच टोंक वर सरकूं पाहतें. जपानी पद्धतीची खाच दिसण्यांत तशीच, पण घडणीनें किंचित् निराळी. तींत फिलिप्स टोंक पुरतें बसत नाहीं. पुष्कळ स्क्रू ह्या एका गैरसमजानें नासतात, असें आम्हांस वाटतें.

प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. मग खाचेवर रुंद रबरबँडाचा तुकडा ठेवून, नेमक्या मापाचें टोंक सरळ उभें धरून, भरपूर दाबावें व सावकाश डावीकडे फिरवावें. डोकें वर उचललेलें असल्यास बारीक पकडीनें धरावें. कानशीनें नवी आडवी खाच पाडणें हा उपाय खात्रीचा खरा. परंतु लोखंडाचा कीस सर्किटावर पडल्यास शॉर्ट होऊन सारें यंत्र जाईल. म्हणून भोंवतालचा भाग चिकटपट्टीनें झांकल्यावांचून कानस हातीं धरूं नये.

निघालेला स्क्रू टाकून द्यावा. नवा घेतांना जाडीबरोबर लांबीही मोजावी. लांब स्क्रू आंतील पट्टीस भोंक पाडतो.