पदवीचा नकाशा: शेवटच्या सत्रापासून मागे

मागच्या व्याख्यानानंतर बरेच श्रोते थांबले होते. त्यांत पालक होते, दोन-तीन विद्यार्थी होते. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे सगळं आलं, पण मुलानं नेमकं काय घ्यायचं आणि कधी घ्यायचं? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न कशाला विचारता, असं आम्ही आधी हसून म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, हा तर साध्य आणि साधन यांचाच प्रश्न आहे. तेव्हा आज त्याबद्दलच बोलू.

आम्ही शिकलो आणि पुढे शिकवलं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. अशा तीन पायऱ्या. आमच्याकडे पुण्याच्या बाजूला एस.वाय.ला स्पेशल विषय ठरला की पुढचे पेपर ठरलेलेच असत. निवड एकदाच करायची, मग गाडी रुळावरून जायची. आता रूळ थोडे आपणच टाकायचे आहेत.

प्रथम हिशेब समजून घेऊ. क्रेडिट, म्हणजे सरकारी मराठीत श्रेयांक, हे वेळेचं माप आहे. एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात वर्गातल्या शिकवण्याचे साधारण १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. महाराष्ट्राच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि कमाल १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. म्हणजे एका सत्राला २० ते २२. आता २२ ला १५ ने गुणा: ३३० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २२ तास नुसते वर्गात. प्रात्यक्षिकं असतील तर अधिक, आणि घरचा अभ्यास वेगळाच. जो मुलगा संध्याकाळी दुकानात काम करतो, त्यानं हा गुणाकार प्रवेशाच्या दिवशीच करायला हवा.

पण इथंच एक गैरसमज होतो. १३२ भरले की पदवी झाली, असं मुलांना वाटतं. तसं नाही. क्रेडिट वेगवेगळ्या कप्प्यांत भरायचे असतात: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एका कप्प्यात जास्त झाले म्हणून दुसऱ्यातले कमी चालत नाहीत. डाळ दुप्पट घातली म्हणून मीठ नको, असं होत नाही ना? तसंच.

कप्पे भरले तरी दुसरी गोष्ट उरते, ती म्हणजे क्रम. आमच्या ओळखीतली एक मुलगी अर्थशास्त्र मेजर घेऊन बी.ए. करत होती. हुशार, एकही केटी नाही. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. तिनं काय केलं, तर मैत्रिणींनी जे घेतलं ते घेतलं, तास सकाळी लवकर संपत होते म्हणून. पाचव्या सत्रात संख्याशास्त्राचा पेपर समोर आला. दहावीनंतर तिनं गणिताला हात लावला नव्हता. आणि तिला एम.ए. अर्थशास्त्रालाच जायचं होतं! ती आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, ‘सर, माझे क्रेडिट सगळे बरोबर आहेत हो.’ खरंच बरोबर होते. पण पहिल्या वर्षी विज्ञान शाखेतलं प्राथमिक गणित ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेण्याची सोय तिच्याच महाविद्यालयात होती. तिनं ती यादी वाचली होती, पण पाचव्या सत्राचा अभ्यासक्रम तेव्हा उघडूनही पाहिला नव्हता.

मग चुकलं कुठं? ती पुढच्या दिशेनं एकेक सत्र निवडत गेली. विचार मात्र उलट्या दिशेनं करायचा असतो. हे आमचं शहाणपण नाही, ॲरिस्टॉटलचं आहे. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो विचारविनिमय म्हणजे काय ते सांगतो. वैद्य रोग्याला बरं करावं की नाही याचा विचार करत बसत नाही. बरं करायचं हे ठरलेलंच असतं. ते कशानं होईल, आणि ते ‘कशानं’ पुन्हा कशानं मिळेल, असा तो मागे मागे जातो. जी गोष्ट आत्ता आपल्या हातात आहे तिथं पोचला की विचार थांबतो आणि कृती सुरू होते. विचारात जे शेवटी सापडतं, ते करताना पहिलं येतं.

हेच आपण एका कागदावर करू. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी घ्या: सत्रनिहाय क्रेडिटचा आराखडा आणि मेजर विषयाचा सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम. कागदावर सहा रकाने आखा. चार वर्षं करायची असतील तर आठ. आणि लिहायला सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करा.

शेवटच्या रकान्यापुढे लिहा, पदवीनंतर काय: एम.ए., बी.एड., स्पर्धा परीक्षा, नोकरी. नक्की ठरलं नसेल तर दोन शक्यता लिहा, त्यात काही कमीपणा नाही. मग शेवटच्या सत्रातले मेजरचे पेपर लिहा आणि प्रत्येकाला विचारा, बाबा रे, तुला आधी काय यायला हवं? आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत पूर्वअट प्रत्येक वेळी छापलेली नसते, ती घटकांची नावं वाचून ओळखावी लागते. आमच्या विषयात कांट समजायला आधी ह्यूम लागतो, चिन्हांकित तर्कशास्त्राला साधं तर्कशास्त्र लागतं. अशी एक साखळी तयार होते. आधी ती साखळी रकान्यांत बसवा. सुटे मणी, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याचे अभ्यासक्रम, नंतर. जिथं साखळीची कडी कच्ची आहे, तिथं सुट्या मण्याचा उपयोग करा. त्या मुलीला पहिल्या वर्षी नेमकं हेच करता आलं असतं.

ऑनर्सला संशोधनासह जायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतात. मग तो विचार सहाव्या सत्रात करून कसं चालेल? तो पहिल्या सत्रातच करायला हवा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात ओपन इलेक्टिव्ह दोनच आहेत, निवडायचं काय? तक्रार खरी आहे. कागदावरची निवड आणि फळ्यावरच्या वेळापत्रकातली निवड यांत मोठं अंतर आहे, आणि ते विद्यार्थ्याच्या प्रयत्नानं मिटणारं नाही. पण नकाशा अशा ठिकाणी अधिक लागतो. काय मिळणार नाही हे आधी कळलं, तर ते दुसरीकडून भरता येतं. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम आहेत. एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ते घेऊ देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगानं दिली आहे. फक्त आपलं विद्यापीठ कोणता अभ्यासक्रम मानतं, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि क्रेडिट नको असतील तर बालभारतीची पुस्तकं आहेतच. त्या मुलीनं शेवटी दिवाळीच्या सुट्टीत अकरावी-बारावी वाणिज्यची गणिताची पुस्तकं सोडवली. पेपर निघाला. पण सुट्टी गेली, आणि आत्मविश्वास जवळजवळ गेला होता.

शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला सर्वांत काळजी वाटते ती याची. पहिल्या वर्षानंतर, ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप पूर्ण करून, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दुसऱ्या वर्षानंतर तसाच डिप्लोमा. अडचणीतल्या मुलांसाठी ही चांगली सोय आहे. पूर्वी मध्येच सोडणाऱ्याच्या हातात काहीच नसायचं. पण एका बापानं आम्हाला विचारलं, ‘सर्टिफिकेट मिळतंय ना? मग पोरीला पुढं कशाला ठेवायचं?’ तेव्हा लक्षात आलं, ज्याला आपण दार म्हणतो त्याला कुणी मुक्काम समजू शकतं. आयोगाच्या आराखड्यात परत येण्यासाठी तीन वर्षं आहेत, आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची आहे. म्हणून बाहेर पडावंच लागलं, तर त्याच कागदावर परत येण्याचं वर्ष लिहा, आणि ते घरच्यांसमोर लिहा. मिळवलेले क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झाले आहेत, हे स्वतः उघडून बघा.

नकाशा एकदा काढला की संपलं, असं मात्र नाही. प्रत्येक निकालानंतर तो कागद काढायचा, काय झालं ते खोडायचं, काय बदललं ते लिहायचं. दुसऱ्या वर्षी एखादा विषय मनापासून आवडला, तर साध्यच बदलेल. बदलू द्या. मग नव्या साध्यापासून पुन्हा मागे या. निवड म्हणजे यादीतल्या एका नावावर खूण करणं नव्हे. ही खूण कशासाठी, हे सांगता आलं तरच ती आपली निवड.

पुढच्या वेळी ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारं कुणी आहे, त्यांनी तो सहा रकान्यांचा कागद घेऊन यावं. अर्धा भरलेला असला तरी चालेल. आपण मिळून बघू.