आधी कोणतं कर्ज फेडायचं?

लोणी काळभोरच्या अनेक घरांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकाच पगाराला किती वाटे फुटतात! दुचाकीचा हप्ता, बचत गटाचं कर्ज, किराण्याची उधारी आणि वर क्रेडिट कार्ड. सोलापूर रस्त्याने रोज पुण्याला ये-जा करणाऱ्यांचा पेट्रोलखर्च वेगळाच.

गणित सांगतं, सर्वांत महाग कर्ज आधी. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज असेल, तर ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्यात १,७५० रुपये जातात. वर्षाला १२ टक्क्यांच्या कर्जावर तेवढ्याच रकमेचे महिन्याला जातात ५००.

पण माणूस नुसता गणितावर चालत नाही. डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी २०१२ च्या अभ्यासात कर्जफेड करणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी आपल्या कर्जखात्यांपैकी जास्त खाती पूर्ण बंद केली, ते सगळ्या कर्जातून सुटण्याची शक्यता अधिक होती. एक खातं संपलं की हुरूप येतो. ध्येय जवळ दिसलं की वेग वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांच्या प्रयोगांतही पाहिलं होतं.

म्हणून माझं मत असं: किराण्याची छोटी उधारी आधी मिटवा, मग सगळा जोर कार्डावर. बाकीचे हप्ते मात्र चुकवू नका. खर्च कापताना मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि औषधांना हात लावू नका. बाहेरचं खाणं आणि मोबाइलवरून होणारी खरेदी आधी तपासा. वाचलेले पैसे पगाराच्याच दिवशी कर्जात भरा, कारण हातात राहिलेला पैसा दहा वाटा शोधतो.