दप्तरातला इतिहासकार : पांडुरंग पिसुर्लेकर

मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा आढावा निघाला की राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई, शेजवलकर ही नावे आपोआप येतात. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर मात्र तळटीपेत जाऊन बसतात. तिथेही त्यांची ओळख ‘पोर्तुगीज कागद पुरवणारे’ एवढीच असते. जणू कोणी तरी जुन्या पेट्या उघडून दिल्या आणि खरा इतिहास पुढे दुसऱ्यांनी लिहिला. ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते. कोणता कागद आधी छापायचा, कोणता कोणाशेजारी ठेवायचा, कोणत्या नावाखाली टीप द्यायची आणि कोणते नाव उघडे सोडायचे, हे ठरवणारा माणूस इतिहासच लिहीत असतो. पिसुर्लेकरांनी तो आयुष्यभर लिहिला. तो निवेदनाच्या रूपात नव्हता, म्हणून आमच्या लक्षात आला नाही.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगून पुढे जातो. जन्म १८९४ चा, सत्तरीतल्या पिसुर्ले गावचा. सत्तरी म्हणजे नव्या काबिजादींचा मुलूख. पोर्तुगीज अंमल तिथे अठराव्या शतकात पोचला, त्यामुळे घरची भाषा, देवळे आणि मोडी कागद तिथे टिकून राहिले. १९३० च्या सुमारास ते गोव्याच्या ऐतिहासिक दप्तरखान्यात आले आणि १९६१ पर्यंत त्याचे सूत्रधार राहिले. १९६९ मध्ये ते वारले. दप्तरखान्याची परंपरा त्यांच्या आधीही मोठी होती. १५९५ मध्ये तो स्थापन झाला तेव्हा पहिला दप्तरपाल होता दियोगु दु कोतु, म्हणजे स्वतःच बखरकार. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हाराने त्यातून खंडच्या खंड छापले. पण रिव्हाराची नजर पोर्तुगीज सत्तेच्या कारभारावर होती. त्याच कपाटांत शेजारच्या राजांचा इतिहास पडून आहे, हे ओळखून पद्धतशीरपणे त्याच्यामागे लागले ते पिसुर्लेकर.

हे कागद नेमके कसे आहेत, हे ठाऊक नसेल तर त्यांच्या कामाचे वजन कळत नाही. ‘मोंसोंइश’ म्हणजे मोसमी वाऱ्यावर लिस्बनहून येणाऱ्या आणि तिकडे परतणाऱ्या जहाजांबरोबरच्या पत्रांचे खंड. त्यांतले ६२ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनला गेले, बाकीचे गोव्यातच राहिले. शेजारच्या राजांना गेलेल्या पत्रांच्या नकलांची पुस्तके वेगळी. त्यांच्याशेजारी राज्यमंडळाच्या बैठकांचे ठराव. १६१८ ते १७५० या काळातले हे ठराव पिसुर्लेकरांनी १९५३ ते १९५७ मध्ये पाच खंडांत छापले. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे काम आहे. पत्रात व्हाइसरॉय ऐटीत बोलतो, बैठकीत मात्र घाबरतो आणि सल्लागार आपापले मत नोंदवतात. १६८३ चेच उदाहरण घ्या. नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्यावर चालून गेला आणि परतला. पाठोपाठ संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले. साष्टी आणि बारदेस मराठ्यांच्या घोड्यांखाली आले. शहर वाचवायला शेवटी संत झेवियरच्या शवापाशी राजदंड ठेवण्यापर्यंत वेळ आली. शाहआलमची मोगल फौज घाट उतरली म्हणून गोवे सुटले. त्यानंतर राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट घातला गेला. चिटणिसांच्या बखरीतला व्यसनी, बेफिकीर संभाजी या कागदांसमोर टिकत नाही. बेंद्र्यांचे १९६० चे चरित्र आणि कमल गोखल्यांचा १९७१ चा ‘शिवपुत्र संभाजी’ ज्या काळात लिहिले गेले, त्या काळात पोर्तुगीज पुरावा बाजूला ठेवून या राजाबद्दल बोलणे शक्यच उरले नव्हते. ती परिस्थिती निर्माण करणाऱ्यांत पिसुर्लेकर अग्रभागी होते.

पण मला सर्वांत जवळचे पुस्तक वेगळे आहे. १९५२ मध्ये आलेला तो ग्रंथ पोर्तुगीज राजनीतीच्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी प्रतिनिधींवर आहे. त्याचे मराठीत पुरेसे कौतुक झाले नाही. यात राजा नाही, लढाई नाही. आहेत ते वकील आणि दुभाषे. सोळाव्या शतकातला तानादार कृष्ण, शिवाजी महाराजांकडे पोर्तुगीजांचा वकील म्हणून गेलेला रामोजी शेणवी कोठारी, महाराजांच्या बाजूने गोव्यात बोलणी करणारा पीतांबर शेणवी. दोन्ही बाजूंनी शेणवीच बसलेले! तह कोणत्या शब्दांत झाला, हे या माणसांच्या भाषेवर ठरत होते. मराठी पत्र पोर्तुगीजात गेले की त्यातली ‘मैत्री’ कधी ‘आज्ञापालन’ होऊ शकते, आणि आज आपल्या हाती बहुतेकदा पोर्तुगीज रूपच येते. ही जाणीव ठेवल्याशिवाय १६६७ च्या बारदेस स्वारीनंतरच्या तहाचे वाचन अर्धेच राहते. इथे पिसुर्लेकरांनी नुसता कागद दिला नाही, तो कसा वाचायचा तेही दाखवले.

त्यांच्याबद्दलचे आक्षेप जुने आहेत आणि ते टाळण्यात अर्थ नाही. पहिला असा, की ते परक्या सत्तेचे नोकर होते, सरकारी दप्तरखान्यातून सरकारला हवे तेच बाहेर काढणारे. काळाची संगती पाहिली की हा आक्षेप गळून पडतो. १९५१ मध्ये लिस्बनने वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे जगाला सांगितले. नेमक्या त्याच दशकात पिसुर्लेकर अशी पुस्तके छापत होते, ज्यांत हे राज्य स्थानिक वकिलांच्या जिभेवर चालते आणि शेजारच्या मराठ्यांना घाबरून राजधानी हलवू पाहते. स्तुतिपाठक असा मजकूर निवडत नाही. दुसरा आक्षेप असा, की त्यांनी सलग, मोठा इतिहास लिहिला नाही. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढलेले पुस्तक तरी पुढ्यात घेऊन मग हे म्हणावे. त्याचा पाया १९२० च्या दशकापासून पणजीच्या वास्को द गामा संस्थेच्या पत्रिकेत लिहिलेल्या लेखांत आहे. तिसरा आक्षेप मात्र अंशतः मान्य करायला हवा. त्यांचे लक्ष दरबार, तह आणि आरमार यांवर राहिले. गावकरी, शेत आणि देऊळ यांचे कागद त्या मानाने मागे राहिले. ज्यांनी त्यांना बोल लावला, त्यांनी मात्र ती पोकळी भरलेली नाही.

आणि आताची स्थिती वाईट आहे. सतराव्या शतकाची पोर्तुगीज लिपी, त्यातले आखडलेले शब्द आणि जोडाक्षरे वाचणारे मराठी अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच असावेत. शिवकाळावर ठासून बोलणारे काही लेखक पोर्तुगीज पुराव्याचा दाखला देतात, पण तो इंग्रजी भाषांतरातून उचललेला असतो. तारखासुद्धा पडताळल्या जात नाहीत. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवे पंचांग स्वीकारले होते, इंग्रजांनी १७५२ मध्ये. म्हणून सतराव्या शतकातली सुरतेची इंग्रजी नोंद आणि गोव्याची नोंद यांत दहा दिवसांचे अंतर पडते. ते न पाहता एकाच घटनेच्या दोन घटना केल्या जातात, किंवा पिसुर्लेकरांवरच चुकीचा आरोप येतो. कागदांच्या प्रतिमा पडद्यावर आल्या म्हणजे काम झाले, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की प्रतिमा शोधून देता येते, वाचून देता येत नाही. त्यातच गोव्याच्या दमट हवेत लोहाची शाई कागद पोखरते. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक राहते. त्या पाच खंडांतले ठराव पिसुर्लेकरांनी अक्षरे शाबूत असताना वाचून छापले. न छापलेल्या कागदांतली अक्षरे कोण वाचणार, हे अजून ठरलेले नाही.