खण बाहेर काढा, उलटा करा

जुन्या फर्निचरचं वय घरात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘पणजोबांच्या वेळचं.’ कधी ते बरोबर निघतं, कधी दोन पिढ्यांनी चुकतं. खरं वय शोधायचं तर दर्शनी नक्षी शेवटी पाहावी. आधी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढावं, टेबलाचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा आणि त्यावर बॅटरीचा उजेड तिरका टाकावा. कुणाची नजर जाणार नाही म्हणून सुताराने जिथे पॉलिश केलं नाही, तिथेच त्याच्या हत्यारांच्या खुणा शिल्लक असतात.

तिरक्या उजेडात उथळ लाटा दिसल्या तर ती फळी हातरंध्याने तासलेली. सरळ पण वेड्यावाकड्या अंतराचे ओरखडे हातकरवतीचे. कमानीसारखे वळलेले ओरखडे गोल पात्याच्या यंत्राचे. खणाच्या कोपऱ्यातल्या डव्हटेल सांध्याचे, म्हणजे एकमेकांत अडकवलेले पाचरीसारखे, दाते लहानमोठे असतील तर हाताचं काम, सगळे एकसारखे असतील तर बहुधा यंत्राचं.

इथे सावध राहायला हवं. हाताने कापलेला डव्हटेल दिसला की वस्तू एकोणिसाव्या शतकातली, असं युरोप-अमेरिकेतली पुस्तकं साधारणपणे सांगतात. तो नियम आपल्याकडे लावला की फसगत होते. आपल्या गावांतून सुतार घरी येऊन, अंगणात बसून, करवत-रंधा-पटाशीवरच कपाटं करत होते, आणि हे आजच्या आजोबांनी स्वतः पाहिलेलं आहे. लोहाराने घडवलेल्या चौकोनी खिळ्यांचंही तेच. गोल टेबल आडवं-उभं मोजून पाहायची युक्तीही इथे थोडी लंगडी पडते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आटतं, म्हणून जुनं गोल टेबल किंचित लांबट होतं हे खरं. पण सागवान ओकपेक्षा बरंच कमी आटतं.

म्हणून माझा भर सुताराने स्वतः न केलेल्या, बाजारातून आणलेल्या वस्तूंवर असतो. हाताची पद्धत शंभर वर्षं तीच राहू शकते, पण स्क्रू त्याच्या शोधाच्या आधी लागू शकत नाही. एखादा स्क्रू हलकेच काढून पाहा. टोक बोथट असेल तर तो फार जुन्या धाटणीचा. अणकुचीदार टोकाचे स्क्रू 1840च्या दशकापासून सर्रास होऊ लागले. डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो 1930च्या दशकात अमेरिकेत निघालेला प्रकार. मात्र स्क्रू नंतर बदललेला असू शकतो. बिजागरीच्या बाजूला बुजवलेलं भोक किंवा मोठ्या पट्टीची फिकट सावली दिसली, तर बिजागरीच दुसरी आहे.

मग सांध्यातला डिंक. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस तपकिरी असतो, वाळून काचेसारखा तडकतो आणि गरम पाण्याने मऊ पडतो. फेव्हिकॉल आला 1959 मध्ये. मूळच्या, कधीच न उघडलेल्या सांध्यात तसला पांढरा डिंक असेल तर पणजोबांची गोष्ट तिथेच संपते. उघडून बसवलेल्या सांध्यातला डिंक फक्त दुरुस्तीचं वय सांगतो.

आता पुढे येऊन घाट पाहा. गोलावलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांचा माथा, कपाटावर आडव्या तीन रेघा: हा आर्ट डेको. 1925च्या पॅरिस प्रदर्शनाने ही शैली जगभर नेली आणि तीसच्या दशकात मुंबईत ती इमारतींबरोबर दिवाणखान्यांतही शिरली. 1937 मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरलेल्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनात असं घर कसं सजवावं हेच मांडलं होतं. पण शैली फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. मुंबईत पाहिलेलं कपाट गावच्या सुताराकडून पंचवीस वर्षांनीही करून घेतलं जायचं, आणि मला ती कपाटं अधिक आवडतात. त्यांत सुताराने आठवणीतून काढलेली रेघ असते.

इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचं मात्र वेगळं. बीच लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायची पद्धत मिखाएल टोनेटने व्हिएन्नात कारखान्यापर्यंत नेली. त्याची 1859ची चौदा नंबरची खुर्ची सहा सुट्या भागांची होती. एका घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. इतर कारखान्यांनीही पुढे तशाच खुर्च्या काढल्या, त्यामुळे आकारावरून काही ठरत नाही. खुर्ची उलटी करून बैठकीच्या कडेची आतली बाजू पाहा. तिथे कागदी चिठ्ठी किंवा डाग देऊन उमटवलेलं नाव असतं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर खुर्ची 1918 नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. वेत विणायला किंवा पॉलिशला देण्याआधी त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा आणि कारागिराला सांगा, तेवढी जागा घासू नका.