खरखरीच्या पलीकडचा सूर

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील सुप्रसिद्ध ठुमरी जुन्या तबकडीवरून ऐकताना प्रथम कानावर येते ती सुईची अखंड खरखर, आणि तिच्यामागून, जणू भिंतीपलीकडून यावा तसा, तो कृश, उंच आणि अतिशय आर्जवी आवाज. मिरजेत वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे हे महान गायक १९३७ साली निवर्तले. परंतु ज्यांनी त्यांची मैफल कधी ऐकली नाही, अशा पिढ्यांनी त्यांच्यावर प्रेम केले ते याच मुद्रिकांच्या आधारे. बालवयातील भीमसेन जोशी यांच्या मनाला संगीताचा ध्यास लागला, त्यालाही याच ठुमरीची तबकडी कारण झाली, हे सर्वश्रुत आहे. यांत्रिक दृष्ट्या इतक्या दरिद्री असलेल्या वस्तूत एवढे सामर्थ्य कोठून येते, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनचा उपयोग १९२५च्या सुमारास सुरू झाला. त्यापूर्वी गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या नादाने पडदा कंप पावावा आणि पडद्याला जोडलेल्या टोकाने मेणाच्या तबकडीवर चर कोरावी, एवढीच तजवीज असे. साहजिकच तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची घुमार त्या चरीत जवळजवळ उतरतच नसत, आणि आवाजाला तेज देणारे अतिउच्च उपस्वरही वाटेतच गळून जात. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचाच अवकाश. लाखेच्या मिश्रणात दगडाची बारीक पूड घातलेली असे, ती पोलादी सुईला घासून चरीच्या बेताची करी. कानाला टोचणारी ती खरखर पुष्कळ अंशी या पुडीचीच होय.

हे सारे गमावूनही जे उरते, ते आपल्या संगीताच्या दृष्टीने मुख्य आहे. स्वराची नेमकी उंची, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड, आंदोलन, लयीशी चाललेला लपंडाव आणि शब्दावर घेतलेला विसावा यांतील फारच थोडे त्या अरुंद चरीत नष्ट होते. कसर लागलेल्या मोडी दस्तऐवजाचा कागद कितीही विटला तरी लिहिणाऱ्या हाताचे वळण जसे जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही, तसा रागाचा आकार अशा मुद्रणातूनही टिकून राहतो.

उरलेली उणीव भरून काढण्याचे काम आपला मेंदू करतो, आणि ते आपल्या नकळत करतो. मूळ नाद मुद्रित झाला नसला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांचे परस्परप्रमाण ओळखून मेंदू त्या अनुपस्थित नादाचा बोध करून घेतो. दूरध्वनीवर पुरुषाचा जाड आवाज जाडच भासतो, तो याच कारणाने. याहूनही विस्मयकारक प्रयोग रिचर्ड वॉरेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातील एक उच्चार कापून त्या जागी त्याने खोकल्याचा आवाज घातला, तेव्हा गाळलेला उच्चार श्रोत्यांना बिनचूक ऐकू आला. परंतु त्याच जागी केवळ शांतता ठेवली, तेव्हा ती पोकळी त्यांच्या तत्काळ ध्यानात आली. गोंगाटाआड स्वर चालूच असावा असे गृहीत धरण्यास कान राजी असतो. शांततेपुढे मात्र त्याचा तर्क थांबतो.

म्हणूनच यंत्रसाहाय्याने निर्मळ केलेल्या जुन्या मुद्रिकांविषयी माझी तक्रार आहे. खरखर घालवण्याच्या अतिरेकी हौसेपायी स्वराच्या शेवटी विरत जाणारा श्वास, तंबोऱ्याची जवारी आणि व्यंजनांची धार हीही खरडून टाकली जातात आणि मागे उरतो तो एक गुळगुळीत, निष्प्राण आवाज. किरकोळ टकटक दूर करावी, पण सलग खरखरीस हात लावू नये, अशी माझी विनंती आहे. तिची कानाला लवकरच सवय होते. फिरण्याच्या गतीकडे मात्र कसोशीने पाहावे, कारण प्रारंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झालेल्या असत असे नाही, आणि गती चुकली की गायकाची पट्टी आणि लय दोन्ही बदलतात.

या सदोष तबकड्यांची किंमत कळावयाची असेल, तर थोर गायक भास्करबुवा बखले यांचे स्मरण करावे. १९२२ साली ते गेले आणि त्यांच्या गळ्यातून निघालेला एकही सूर मुद्रित स्वरूपात आपल्यापाशी नाही. अल्लादिया खाँसाहेबांची गायकीही आपल्याला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यातूनच समजून घ्यावी लागते. कितीही खरखरीची, चिरलेली, मध्येच अडखळणारी का असेना, बुवांची एखादी तबकडी हाती लागती, तर ती ऐकण्यासाठी मी कोठेही पायी गेलो असतो.